तलवार एकाकडे, तिजोरी दुसऱ्याकडे : जेम्स मॅडिसन

आपल्या मासिकात बहुतेक चरित्रे सेनापतींची असतात, आणि सैनिकी शाळेत ते साहजिकच आहे. या वेळी मी ज्यांच्याविषयी लिहीत आहे, त्यांनी रणांगणावर एकही लढाई जिंकली नाही. उंची ५ फूट ४ इंच, वजन जेमतेम ४५ किलो आणि आवाज इतका हळू की सभेत मागे बसलेल्यांना तो नीट ऐकू येत नसे. तरीही अमेरिकेत सेनापतीने कोणाचे ऐकायचे, सैन्याचा खर्च कोणी मंजूर करायचा आणि युद्ध कोणी पुकारायचे, हे ज्या कागदावर लिहिले आहे, त्याचे मुख्य शिल्पकार म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. ते म्हणजे जेम्स मॅडिसन, अमेरिकेचे चौथे राष्ट्राध्यक्ष.

मॅडिसन यांचा जन्म १६ मार्च १७५१ रोजी व्हर्जिनियात झाला. त्या वेळी व्हर्जिनिया ही इंग्लंडची वसाहत होती. बारा भावंडांत ते सर्वांत थोरले. वडिलांची मोठी जमीन होती, तंबाखूचे पीक होते आणि त्या शेतात राबणारे गुलाम होते. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी लागेल, कारण ती त्यांच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत सुटली नाही.

लहानपणापासून मॅडिसन यांची प्रकृती नाजूक होती. अधूनमधून त्यांना झटके येत. अभ्यासात मात्र ते कोणाला हार जाणारे नव्हते. १७६९ मध्ये ते प्रिन्स्टनच्या कॉलेजात गेले आणि दोनच वर्षांत पदवी घेऊन मोकळे झाले. त्यानंतरही काही महिने तिथेच राहून त्यांनी हिब्रू भाषेचा अभ्यास केला. घरी परतले तेव्हा तब्येत पार ढासळली होती, आणि आपण फार दिवस जगणार नाही असे त्यांना वाटू लागले होते. प्रत्यक्षात ते ८५ वर्षे जगले.

१७७५ मध्ये इंग्लंडविरुद्ध लढाई सुरू झाली. मॅडिसन यांना आपल्या जिल्ह्याच्या नागरी पलटणीत कर्नलचा हुद्दा मिळाला, पण प्रकृतीने साथ दिली नाही आणि ते लढाईवर जाऊ शकले नाहीत. त्यांची लढाई सभागृहातच झाली. १७७६ मध्ये व्हर्जिनियाने नागरिकांच्या हक्कांचा जाहीरनामा तयार केला. जॉर्ज मेसन यांच्या मसुद्यात इतर धर्ममते सहन केली जातील अशा अर्थाचे कलम होते. २५ वर्षांच्या मॅडिसन यांना ते पटले नाही. सहन करणे म्हणजे वरच्याने खालच्यावर केलेली मेहेरबानी, आणि मेहेरबानी उद्या काढूनही घेता येते. म्हणून त्यांनी शब्द बदलायला लावले आणि धर्माचे आचरण हा प्रत्येकाचा समान हक्क ठरला. एका शब्दाने केवढा फरक पडतो, हे त्यांना तेव्हापासून माहीत होते.

पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले. तेव्हा मतदारांना दारू पाजण्याची रीत होती. मॅडिसन यांनी ती पाळली नाही, आणि मतदारांनी दुसऱ्याला निवडून दिले.

१७८० मध्ये ते फिलाडेल्फियाला राष्ट्रीय काँग्रेसचे सदस्य म्हणून गेले. तिथे जे पाहिले त्यातून पुढचे सगळे घडले. १३ राज्ये एकत्र आली होती, पण नावापुरतीच. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. राज्यांकडे फक्त पैसे मागायचे. त्यांनी दिले तर दिले. देशाला राष्ट्राध्यक्ष नव्हता आणि राज्यांच्या वर न्यायनिवाडा करणारी न्यायसंस्था नव्हती. मूळ करारात बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यांची संमती लागे. परदेशी मालावर थोडी जकात बसवून कर्ज फेडण्याची एक योजना निघाली, तर १७८२ मध्ये सर्वांत लहान राज्याने, ऱ्होड आयलंडने, नकार दिला. पाठोपाठ मॅडिसन यांच्या स्वतःच्या व्हर्जिनियानेही दिलेली संमती मागे घेतली. योजना बारगळली.

याचा फटका सर्वांत जास्त सैनिकांना बसला. ज्यांनी थंडीत आणि उपासमारीत युद्ध रेटले, त्यांचा पगार थकला. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत अधिकाऱ्यांमध्ये काँग्रेसला धाक दाखवण्याची भाषा सुरू झाली. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी स्वतः त्यांच्यासमोर जाऊन ती शांत केली. पण जूनमध्ये फिलाडेल्फियात सुमारे ४०० सैनिकांनी बंदुका घेऊन काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला. आत मॅडिसनही होते. पेनसिल्व्हेनिया राज्याने सैनिकांविरुद्ध आपली पलटण बोलावण्यास नकार दिला, आणि देशाच्या काँग्रेसला शहर सोडून प्रिन्स्टनला जावे लागले.

यात दोष कोणाचा होता? बंदूक घेऊन संसदेला वेढा घालणे हा सैनिकी शिस्तीचा भंगच आहे. पण ज्या सरकारला आपल्या सैनिकांचा पगार देता येत नाही, त्याला त्यांच्याकडून शिस्तीची अपेक्षा तरी किती काळ करता येणार? मला वाटते, दुबळे सरकारही लोकांच्या स्वातंत्र्याला धोकाच असते, हा धडा मॅडिसन यांना इथे मिळाला. इंग्लंडच्या राजाने दुसरा धडा आधीच दिला होता, की बलवान सरकारही धोका असते. या दोन्हींच्या मधली वाट त्यांना शोधायची होती.

त्यांनी ती एखाद्या हुशार विद्यार्थ्यासारखी शोधली. मित्र थॉमस जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये होते. त्यांच्याकडून मॅडिसन यांनी पेट्या भरून पुस्तके मागवली आणि मॉन्टपेलियर या आपल्या घरी बसून ग्रीस, स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समधील राज्यसंघांचा अभ्यास केला. प्रत्येक संघ कसा तयार झाला आणि कुठे मोडला याची टिपणे काढली. बहुतेक ठिकाणी त्यांना एकच दुखणे दिसले. मध्यवर्ती सरकारकडे जबाबदारी होती, अधिकार नव्हते.

इकडे मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज या माजी कॅप्टनबरोबर बंड केले. ते मोडायला काँग्रेसकडे सैन्य नव्हते. आता सगळ्यांनाच बदलाची निकड पटली. मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात परिषद भरली. योगायोग असा, की चार वर्षांपूर्वी सैनिकांनी ज्या इमारतीला वेढा घातला होता, तीच ही इमारत. ऱ्होड आयलंड सोडून १२ राज्यांचे ५५ प्रतिनिधी वेगवेगळ्या वेळी हजर राहिले. अध्यक्षस्थानी वॉशिंग्टन होते. दारावर पहारा होता, आणि आतले बोलणे बाहेर सांगायचे नाही असा नियम होता.

मॅडिसन ठरलेल्या तारखेच्या आधीच येऊन पोहोचले होते. इतर प्रतिनिधींची वाट पाहण्यात जो वेळ गेला, त्यात व्हर्जिनियाच्या मंडळींनी त्यांच्या विचारांवर आधारलेली योजना तयार केली. एडमंड रँडॉल्फ यांनी ती २९ मे रोजी मांडली. बहुतेक प्रतिनिधी जुन्या कराराची डागडुजी करायला आले होते. समोर आला तो नव्या घराचा आराखडा. जो तयारी करून येतो तो चर्चेची दिशा ठरवतो, हे इथे दिसते.

मॅडिसन समोरच्या बाजूला बसत आणि प्रत्येकाचे भाषण टिपून घेत. रात्री ती टिपणे पूर्ण करत. स्वतः ते दीडशेहून अधिक वेळा बोलले. त्या उन्हाळ्यात आत काय घडले हे आज जगाला कळते ते मुख्यतः त्यांच्या टिपणांमुळे. ती त्यांनी हयातीत छापली नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर १८४० मध्ये ती प्रसिद्ध झाली.

पण परिषदेत त्यांच्या मनासारखे सगळे झाले नाही. दोन्ही सभागृहांत लोकसंख्येच्या प्रमाणात जागा असाव्यात असा त्यांचा आग्रह होता. लहान राज्ये अडून बसली. १६ जुलै रोजी ५ विरुद्ध ४ अशा मतांनी तडजोड झाली : प्रतिनिधिगृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान मते. राज्यांचे कायदे रद्द करण्याचा अधिकार राष्ट्रीय काँग्रेसला असावा, ही त्यांची आवडती कल्पनाही दुसऱ्याच दिवशी फेटाळली गेली. एखादा रागाने घरी निघून गेला असता. मॅडिसन थांबले, पुढच्या कलमांवर काम करत राहिले आणि १७ सप्टेंबर १७८७ रोजी सही करणाऱ्या ३९ जणांत त्यांचे नाव होते.

आता या घटनेची रचना थोडक्यात पाहू. सत्तेचे तीन भाग केले. कायदे करणारी काँग्रेस, ते अमलात आणणारा राष्ट्राध्यक्ष आणि न्याय देणारी न्यायालये. तिघांच्या मुदतीही मुद्दाम वेगळ्या ठेवल्या. प्रतिनिधिगृह २ वर्षांचे, राष्ट्राध्यक्ष ४ वर्षांचा, सिनेटर ६ वर्षांचा आणि संघराज्याचे न्यायाधीश वर्तन चांगले असेपर्यंत. त्यामुळे एकाच लाटेत सगळी सत्ता एका गटाच्या हाती जाणे कठीण झाले. काँग्रेसने केलेला कायदा राष्ट्राध्यक्ष नाकारू शकतो, पण दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला तर त्याचा नकार संपतो. तह राष्ट्राध्यक्ष करतो, पण त्याला सिनेटच्या दोन-तृतीयांश मतांची संमती लागते.

आम्हा कॅडेट्सच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कलमे सैन्याची आहेत. राष्ट्राध्यक्ष हा सरसेनापती, पण युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा. मूळ मसुद्यात काँग्रेस युद्ध करील असे शब्द होते. १७ ऑगस्ट रोजी मॅडिसन आणि एल्ब्रिज गेरी यांनी ते बदलून काँग्रेस युद्ध जाहीर करील असे सुचवले. अचानक हल्ला झाला तर राष्ट्राध्यक्षाला तो परतवता यावा, पण आपणहून देशाला युद्धात लोटता येऊ नये, हा हेतू. शिवाय सैन्यासाठीचा पैसा एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त काळासाठी मंजूर करायचा नाही, असेही कलम आहे. म्हणजे तलवार एकाकडे आणि तिजोरी दुसऱ्याकडे. एकट्याला काहीच करता येत नाही, आणि सैनिकांचा पगार मात्र आता १३ राज्यांच्या मर्जीवर राहिला नाही.

या सगळ्यामागे मॅडिसन यांचा एक साधा विचार होता. गादीवर नेहमी वॉशिंग्टनसारखा माणूस बसेल, हे धरून चालायचे नाही. माणसाला सत्तेची हाव असतेच. मग ती हाव नाहीशी करण्यापेक्षा एकाच्या हावेला दुसऱ्याच्या हावेने अडवावे.

घटना लागू व्हायला ९ राज्यांची मंजुरी हवी होती. ती मिळवण्यासाठी अलेक्झांडर हॅमिल्टन, जॉन जे आणि मॅडिसन यांनी एकाच टोपणनावाने न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांत ८५ लेखांची मालिका लिहिली. व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री हे फर्डे वक्ते विरोधात उभे राहिले. मॅडिसन मध्येच आजारी पडले, पण एकेका कलमाला मुद्देसूद उत्तर देत गेले. अखेर ८९ विरुद्ध ७९ मतांनी व्हर्जिनियाने मंजुरी दिली.

हेन्री यांच्या बाजूचा एक आक्षेप मात्र खरा होता. या घटनेत नागरिकांच्या हक्कांची यादी नव्हती. मॅडिसन यांना आधी तिची गरज वाटत नव्हती. पण लोकांची भीती त्यांनी ऐकली, आपले मत बदलले आणि निवडून आल्यावर ८ जून १७८९ रोजी त्या दुरुस्त्या स्वतःच मांडल्या. त्यांतील १० दुरुस्त्या डिसेंबर १७९१ मध्ये लागू झाल्या. भाषण, वृत्तपत्रे, धर्म आणि शांततेने एकत्र येणे यांचे स्वातंत्र्य त्यांत आहे. शांततेच्या काळात मालकाच्या संमतीशिवाय त्याच्या घरात सैनिक ठेवता येणार नाहीत, अशीही एक दुरुस्ती आहे. त्या वेळी मागे राहिलेली, खासदारांच्या पगाराविषयीची एक दुरुस्ती तब्बल दोनशे वर्षांनी, १९९२ मध्ये मंजूर झाली.

१७९४ मध्ये मॅडिसन यांनी डॉली टॉड या तरुण विधवेशी लग्न केले. १८०१ मध्ये जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले आणि मॅडिसन परराष्ट्रमंत्री. आधीच्या राष्ट्राध्यक्षांनी विल्यम मार्बरी यांना न्यायदानाचे पद दिले होते, पण नेमणुकीचा कागद पोहोचवायचा राहिला होता. नव्या सरकारने तो अडवून धरला. मार्बरी यांनी मॅडिसन यांच्यावरच खटला भरला. १८०३ च्या निकालात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ठरवले, की घटनेशी विसंगत असलेला कायदा न्यायालय रद्द ठरवू शकते. ज्यांनी हे घर बांधले, त्यांच्याच नावाच्या खटल्यातून त्याचा तिसरा खांब पक्का झाला.

१८०९ मध्ये मॅडिसन राष्ट्राध्यक्ष झाले. इंग्लंडचे आरमार अमेरिकी जहाजांवरचे खलाशी पकडून नेत होते आणि व्यापार अडवत होते. युद्ध करावे असे मॅडिसन यांना वाटू लागले. पण त्यांनी स्वतः हुकूम सोडला नाही. १ जून १८१२ रोजी त्यांनी काँग्रेसपुढे प्रश्न ठेवला. प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९ आणि सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ अशा मतांनी युद्ध जाहीर झाले.

युद्धाची तयारी अपुरी होती, हे मान्य करावेच लागेल. कॅनडावरची चढाई फसली. २४ ऑगस्ट १८१४ रोजी ब्लेडन्सबर्ग येथे अमेरिकी फौज उधळली गेली. राष्ट्राध्यक्ष मॅडिसन घोड्यावरून तिथे गेले होते. त्याच रात्री इंग्रजांनी राजधानीत शिरून संसद भवन आणि राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान जाळले. निघण्यापूर्वी डॉली मॅडिसन यांनी वॉशिंग्टन यांचे मोठे तैलचित्र वाचवले. युद्धाच्या काळात मॅसॅच्युसेट्स आणि कनेटिकटच्या गव्हर्नरांनी आपल्या पलटणी द्यायला नकार दिला होता, वृत्तपत्रे मॅडिसन यांची टिंगल करत होती. राजधानी जळलेली असताना कोणत्याही राज्यकर्त्याला टीकाकारांची तोंडे बंद करावीशी वाटली असती. मॅडिसन यांनी तसा कायदा केला नाही. डिसेंबर १८१४ मध्ये तह झाला. युद्ध बरोबरीत सुटले असेच म्हणावे लागेल, पण घटना शाबूत राहिली. रणांगणावर त्यांनी काही जिंकले नसेल, पण माझ्या मते हा त्यांचा सर्वांत मोठा विजय आहे.

एवढे लिहून थांबलो तर चरित्र अर्धवट राहील. मॅडिसन यांच्या घरी शंभराच्या आसपास गुलाम होते. गुलामगिरी वाईट आहे हे त्यांना कळत होते. १७८३ मध्ये त्यांचा बिली नावाचा गुलाम फिलाडेल्फियात राहून स्वातंत्र्याची स्वप्ने पाहू लागला, तेव्हा त्यांनी त्याला परत व्हर्जिनियात नेले नाही. आपण ज्या हक्कासाठी रक्त सांडले तोच हक्क मागितला म्हणून त्याला शिक्षा कशी करायची, असे त्यांनी वडिलांना कळवले. पण त्याला लगेच मोकळेही केले नाही. ठरावीक वर्षांच्या नोकरीसाठी तिथेच विकले. घटनेत गुलाम हा शब्द कुठेही नाही, तरी प्रतिनिधींच्या जागा मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरली गेली, आणि आफ्रिकेतून गुलाम आणण्याचा व्यापार १८०८ पर्यंत बंद करायचा नाही असे ठरले. सत्तेला सगळीकडून लगाम घालणाऱ्या मॅडिसन यांनी मालकाच्या सत्तेला लगाम घातला नाही. मृत्युपत्रातही त्यांनी आपल्या गुलामांना मुक्त केले नाही.

२८ जून १८३६ रोजी मॅडिसन वारले. घटनेवर सही करणाऱ्यांपैकी तेव्हा ते एकटेच उरले होते. शेवटच्या क्षणी जवळ होता तो त्यांची वर्षानुवर्षे सेवा करणारा गुलाम, पॉल जेनिंग्ज. पुढे जेनिंग्ज स्वतंत्र झाले आणि त्यांच्या आठवणी १८६५ मध्ये छापल्या गेल्या. त्याच वर्षी तेराव्या दुरुस्तीने अमेरिकेतील गुलामगिरी संपली. त्याआधी चार वर्षे भयंकर यादवी युद्ध झाले. पण दुरुस्ती झाली ती घटनेतच लिहून ठेवलेल्या रीतीने : दोन्ही सभागृहांची दोन-तृतीयांश मते आणि तीन-चतुर्थांश राज्यांची संमती. करणाऱ्यांच्या हातून जे राहून गेले ते पुढच्यांना पूर्ण करता यावे, एवढी जागा त्या कागदात होती.

आपल्या घटनाकारांनी ही घटना बारकाईने अभ्यासली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेची अध्यक्षीय पद्धत आणि आपली संसदीय पद्धत यांतील फरक समजावून सांगितला. आपण त्यांची पद्धत जशीच्या तशी घेतली नाही. पण मूलभूत हक्क, घटनाबाह्य कायदा रद्द करणारे न्यायालय आणि मुलकी सत्तेच्या हुकमात राहणारे सैन्य या गोष्टी आपल्याकडेही आहेत. आपल्या संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि त्याचा वापर कायद्यानुसार व्हावा असे घटनाच सांगते. दलांवरचा खर्च संसद मंजूर करते.

आमच्यापैकी जे पुढे अधिकारी होतील, ते एके दिवशी शपथ घेतील. ती शपथ कोणा सेनापतीच्या किंवा पंतप्रधानांच्या निष्ठेची नसेल, भारताच्या संविधानावरील निष्ठेची असेल. परेडच्या सरावात पाय कसा उचलायचा हे आम्हाला रोज शिकवले जाते. ज्याची शपथ घ्यायची ते संविधान वाचणे हाही त्याच तयारीचा भाग आहे, असे मला वाटते.